कौटुंबिक हिंसेची आकडेवारी : वाचन आणि अन्वयार्थ

प्रस्तावना

'घर म्हटले की भांड्याला भांडे लागायचेच' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. किरकोळ कुरबुरीसाठी ते योग्यच आहे. परंतु पुष्कळदा मारहाणीवरही याच वाक्याचे पांघरूण घातले जाते. जी गोष्ट बोलण्यातच झाकली जाते ती मोजायची कशी, हा प्रस्तुत घटकाचा विषय आहे. 'जिल्ह्यात महिला अत्याचाराचे गुन्हे घटले' असे वृत्त वाचल्यावर समाधान मानावे की आणखी एक प्रश्न विचारावा, हे घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला ठरवता यावे.

१. आकड्यांचे दोन उगम

कौटुंबिक हिंसेविषयीचे आकडे मुख्यतः दोन ठिकाणांहून येतात. पहिले ठिकाण म्हणजे पोलीस ठाण्यातील नोंद. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग या नोंदी एकत्र करून दरवर्षी अहवाल प्रसिद्ध करतो. २०२२ मध्ये देशात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले, त्यांपैकी ३१.४ टक्के गुन्हे पती अथवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचे होते. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत समाविष्ट झालेल्या कलम ४९८-अ खाली हे गुन्हे नोंदले जात. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ने घेतली आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे घरोघरी जाऊन केलेली पाहणी. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे तिचे प्रमुख उदाहरण होय. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार, १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी भारतात सुमारे २९ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक अथवा लैंगिक हिंसा कधी ना कधी अनुभवली होती. म्हणजे राज्यात साधारण चारांपैकी एक.

हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. पहिला आकडा एका वर्षातील नोंदलेले गुन्हे मोजतो. दुसरा वैवाहिक आयुष्यात केव्हाही आलेला अनुभव मोजतो. शिवाय एका प्राथमिक माहिती अहवालात अनेक गुन्हे असतील, तर विभागाच्या पद्धतीनुसार त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. छळाचा शेवट खुनात झाला, तर ती घटना खुनाच्या रकान्यात जाते आणि छळाच्या रकान्यात दिसत नाही.

२. प्रश्नाची भाषा आणि उत्तर

'तुमच्यावर हिंसा होते का?' असे विचारल्यास अनेक स्त्रिया 'नाही' म्हणतील; कारण एखादी थप्पड त्यांच्या लेखी हिंसा नसते, तो 'राग' असतो. म्हणून सर्वेक्षणात प्रत्यक्ष कृतींविषयी विचारले जाते : ढकलले का, अंगावर वस्तू फेकली का, थप्पड मारली का, हात पिरगाळला किंवा केस ओढले का, लाथ मारली का, गळा दाबला किंवा भाजले का. कृतीचे नाव घेतले की अनुभव सांगणे सोपे होते. भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे, की येथे शब्दाची निवड आकडा बदलते.

विचारण्याचे नियमही तितकेच महत्त्वाचे आहेत. एका घरातील एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारले जातात आणि एकांत मिळाला नाही, तर ते विचारलेच जात नाहीत. सासू दाराआड उभी असताना मिळालेले उत्तर खरे असेलच असे नाही. खरे असले, तर त्याची किंमत त्या स्त्रीला संध्याकाळी मोजावी लागू शकते.

३. मौनाचे प्रमाण

याच सर्वेक्षणानुसार, देशात शारीरिक अथवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी मदत मागितली. सुमारे ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्यांपैकी बहुतेकींनी माहेरच्या माणसांकडे धाव घेतली. पोलिसांपर्यंत फार थोड्या पोहोचल्या.

केवळ समजण्यासाठी एक गणित करू. एखाद्या भागात १,००० विवाहित स्त्रिया आहेत आणि त्यांपैकी २५० जणींनी हिंसा सोसली आहे असे माना. शंभरात चौदा या हिशेबाने ३५ जणी मदत मागतील, आणि पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत त्यांतील मोजक्याच दिसतील. आता तेथे चांगले समुपदेशन केंद्र सुरू झाले आणि तक्रारी दुप्पट झाल्या, तर हिंसा दुप्पट झाली का? नाही, मौन थोडे कमी झाले. उलट, तक्रारी घटल्या म्हणजे घरे शांत झाली, असेही म्हणता येत नाही.

४. गोंदिया जिल्ह्याचे उदाहरण

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती आणि हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. राज्याचे प्रमाण तेव्हा ९२९ होते. ही बाब निश्चितच अभिमानाची आहे. मात्र ते प्रमाण स्त्रिया किती आहेत एवढेच सांगते. त्या कशा जगतात, हे सांगत नाही.

या जिल्ह्यात किती स्त्रिया पतीची मारहाण सोसतात? पाचव्या फेरीच्या जिल्हा माहितीपत्रकात याचे उत्तर नाही. हिंसेविषयीचे प्रश्न निवडलेल्या कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के कुटुंबांतच विचारले गेले, त्यामुळे विश्वसनीय अंदाज राज्यपातळीवरच मिळतो. राज्याचे २५ टक्के जसेच्या तसे सालेकसा किंवा देवरी तालुक्याला लावणे चूक ठरेल. साहजिकच जिल्ह्यापुरते बोलताना पोलिसांच्या नोंदी हाच आधार उरतो, आणि त्या किती अपुऱ्या असतात हे आपण पाहिले. जिथे मराठीबरोबर पोवारी, गोंडी आणि हिंदीही बोलल्या जातात, तिथे ठाण्यात जाऊन परक्या भाषेत घरचे दुःख सांगणे ही आणखी एक पायरी असते.

५. अभ्यासकाची जबाबदारी

प्रकल्पासाठी स्वतःच्या गावात अशी पाहणी करण्याचा मोह आपल्याला होईल. प्रशिक्षण आणि एकांताची हमी नसताना तो टाळावा. मात्र एखादी स्त्री आपणहून बोलली, तर ऐकून घ्यावे, तिचे नाव कोठेही लिहू नये आणि पुढील मार्ग तिला सांगावा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा सर्व छळांचा समावेश होतो. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षण, निवास व खर्चाचे आदेश मिळू शकतात. महिला मदतवाहिनीचा क्रमांक १८१, तर तातडीच्या मदतीचा ११२ आहे.

सारांश

नोंदींचा आकडा तक्रारी सांगतो, पाहणीचा आकडा सांगितले गेलेले अनुभव सांगतो. न सांगितलेले दोन्हींच्या बाहेर राहते. म्हणून कोणताही आकडा वाचताना कोणी विचारले, कोणाला विचारले, कोणत्या शब्दांत विचारले आणि कोण गप्प राहिले, हे चार प्रश्न अवश्य विचारावेत.

स्वाध्याय

१. नोंदलेले गुन्हे आणि पाहणीतील प्रमाण यांत कोणता फरक आहे?
२. तक्रारी वाढणे हे कोणत्या परिस्थितीत चांगले लक्षण मानता येईल?
३. आपल्या बोलीत मारहाण सौम्य करून सांगणारे पाच शब्दप्रयोग लिहून त्यांतून काय झाकले जाते, ते स्पष्ट करा.