म्हादईचा तंटा आणि पाण्याचे राजकारण

सामाईक नद्यांचे पाणी कसे वाटायचे, हा जगभरच्या अभ्यासकांपुढचा जुना प्रश्न. हुबळी-धारवाडमध्ये त्याचे नाव म्हादई. या जुळ्या शहरांत वर्षानुवर्षे नळाला रोज पाणी नसायचे. आले की पिंपे, घागरी, हाताला लागेल ते भरून ठेवायचे. पाणी मुख्यतः मलप्रभा नदीचे. ते कमी पडते म्हणून खानापूर तालुक्यातले कळसा आणि भांडुरा हे म्हादईचे नाले मलप्रभेत वळवावेत, ही कर्नाटकची मागणी. म्हादई नदीच पुढे गोव्यात मांडवी होते. त्यामुळे गोव्याचा विरोध. 2018 च्या निवाड्यात या तंट्यासाठी नेमलेल्या लवादाने कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिले खरे, पण त्यातले 8.02 वीजनिर्मितीसाठी; मलप्रभेत वळवायला अवघे 3.9.

ऑरेगन स्टेट विद्यापीठातील ॲरन वुल्फ यांच्या गटाने 1948 ते 1999 मधल्या, देशादेशांतल्या पाण्याविषयीच्या 1,831 घटना तपासल्या. दोन-तृतीयांश सहकार्याच्या निघाल्या! भारतातले चित्र मात्र वेगळे: पुण्याच्या के. जे. जॉय आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या ग्रंथात 63 तंटे नोंदले आहेत. पाण्याची आकडेवारी खुली ठेवावी आणि सर्व संबंधितांनी एकत्र बसून बोलावे, हा या अभ्यासकांचा आग्रह. म्हादईबाबत लवाद नेमला गेला 2010 मध्ये. निवाड्याला आठ वर्षे लागली आणि तरीही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलेच.