द्राक्षाच्या पेटीमागचा संगणक

‘प्लॉट ग्रेपनेटला नोंदवलाय, आता युरोपात माल अडायचा नाही.’ निर्यातदार बागायतदारांच्या तोंडी हे वाक्य सर्रास येतं. ते निम्मंच खरं आहे.

2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश मर्यादेबाहेर सापडले, तेव्हा नियंत्रणाची गरज पटली. अपेडा या कृषिमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेने 2006 मध्ये ग्रेपनेट ही मालाचा माग ठेवणारी ऑनलाइन प्रणाली सुरू केली. कृषी विभागाकडची प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, अ‍ॅगमार्क, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र हे सगळं एकाच साखळीत आलं. अहवाल नापास झाला, की त्या प्लॉटच्या मालाची निर्यातीची वाट तिथेच बंद होते. इथवर संगणक चोख.

पण 2010 चा हंगाम आठवा. युरोपात आपली द्राक्षं पुन्हा अडली, ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. वेलीची वाढ रोखणारं हे संजीवक बागायतदार वर्षानुवर्षं वापरत होते. ‘लिहोसीन’ म्हटलं की कुणालाही कळतं. मात्र आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच. म्हणजे अहवाल पास, कागद पूर्ण आणि माल अडकलेला! जे विचारायचं कुणी सांगितलं नाही, ते यंत्र आपणहून विचारत नाही. नंतर ते यादीत आलं.

सगळं ऑनलाइन झालं म्हणजे माणसं लागत नाहीत, हाही असाच एक समज. नमुना काढायला प्रयोगशाळेचा माणूस काढणीआधी बागेत येतो. फवारणीची वही बागायतदारच लिहितो. ती तपासणीच्या आदल्या रात्री बसून आठवणीने भरली, तर ग्रेपनेट ती थापही इमानदारीने सांभाळून ठेवेल.

हे मोठ्या बागायतदारांचंच काम, असंही ऐकू येतं. नोंदणी प्लॉटची होते, बागेच्या आकाराची नव्हे. ती कृषी विभागामार्फतच व्हायची असते.

मागोवा म्हणजे शेतकऱ्यावर पाळत, ही तक्रार मला मात्र थोडी उलटी वाटते. पेटी कुठल्या प्लॉटची हे कळतं, म्हणूनच दोष एकाच प्लॉटचा असेल तर तेवढाच माल बाजूला काढता येतो, शेजाऱ्याचा कंटेनर थांबत नाही. दोष सगळीकडेच असेल तर हा फायदा उरत नाही, हे 2010 नेच दाखवलं. त्यामुळे छाटणीच्या आधीच त्या हंगामाची रसायनांची यादी कृषी कार्यालयातून मागून घ्यावी. ती बदलत असते, आणि गेल्या वर्षीचा कागद भिंतीवर लावून ठेवणारे कमी नाहीत.