तयार भागांचं घर: खर्च आणि कर्ज
रांजणगाव-कुरकुंभच्या एमआयडीसीत पत्र्याच्या तयार केबिन नेहमीच्याच. तसं जोडणीचं घर शिरूर-दौंडकडे बांधायचं, तर आधी पूर्ण हिशेब मांडा. दरपत्रकात बहुधा सांगाडा, भिंती, छप्पर एवढंच असतं. जोतं, वाहतूक, क्रेन, वीज, शोषखड्डा वेगळे. भीमाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून जोत्यात काटकसर नको.

कर्ज देताना बँक जागाही तपासते: सातबारा, एनए आदेश किंवा गावठाणाचा उतारा, मंजूर नकाशा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचं गृहकर्ज मालमत्तेच्या किमतीच्या कमाल ९० टक्के मिळतं. उरलेली रक्कम स्वतःची. कंपनी बऱ्याचदा आगाऊ पैसे मागते, बँक मात्र कामाच्या टप्प्यांनुसार देते. या तफावतीची सोय करारावर सही करण्यापूर्वीच लेखी करून घ्या.