वजन कोणत्या पायावर?

सकाळचे सव्वासहा. बीजिंगच्या स्वर्गमंदिर उद्यानात सरूच्या जुन्या झाडांखाली पंधरा-वीस माणसं उभी, बहुतेक निवृत्त. पायांत कापडी बूट, अंगात सैल विजारी, पिशव्या फांदीला अडकवलेल्या. कुणी पळत नाही, कुणाला धाप लागलेली नाही. मी कामासाठी तीन महिने या शहरात आले होते आणि निघताना डॉक्टरांनी पोटाचा घेर कमी करायला बजावलं होतं. ताई ची या चिनी व्यायामातली त्यांची संथ हालचाल पाहून वाटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल.

पाचव्या मिनिटाला मांड्या थरथरू लागल्या.

ताई चीचा हा 24 हालचालींचा संच चीनच्या क्रीडा आयोगाने 1956 मध्ये यांग घराण्याच्या पद्धतीतून बेतला, तो सर्वसामान्यांना शिकायला सोपा जावा म्हणून. सलग केला तर पाच-सहा मिनिटांत संपतो. मला मात्र पहिले आठ दिवस फक्त चालायला शिकवलं. गुडघे किंचित वाकवायचे, सगळं वजन डाव्या पायावर घ्यायचं. उजवा पाय रिकामा. तो पुढे नेऊन टाच टेकवायची, पण भार द्यायचा नाही. मग एका हंड्यातलं पाणी न हिंदकळू देता दुसऱ्यात ओतावं, तसं वजन हळूहळू उजवीकडे न्यायचं. गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही.

शिकवणाऱ्या आजींची परीक्षा साधी होती. माझी टाच टेकली की त्या आपल्या पायाने माझा बूट हलकेच ढकलत. सरकला तर पाय खरंच रिकामा. माझा जागचा हलत नसे. घाईघाईने वजन टाकून मी मोकळी झालेली असे. मग खांद्यावर थोपटत त्या म्हणत, "सोंग, सोंग!" माझी लबाडी पकडली असंच मला वाटे. पुढे कळलं, चिनी भाषेत त्याचा अर्थ सैल सोड.

एरवी चालताना आपण जवळजवळ पुढच्या पायावर पडतो आणि तो झोकच आपल्याला पुढे नेतो. इथे झोकाची मदत नाही. दोन-तीन सेकंद अख्खा देह एका मांडीने पेलायचा. उडी नाही, दणका नाही, म्हणून जड माणसालाही हे रोज करवतं.

हाँगकाँगमध्ये पन्नाशीपुढच्या, पोट सुटलेल्या 543 जणांवरचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा एकेक तास, असे 12 आठवडे. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत ताई चीवाल्यांचा कमरेचा घेर सरासरी 1.8 सेंटिमीटरने उतरला. भरभर चालणं आणि ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांचा 1.3 ने. संथ गट मागे पडला नाही. पण पट्ट्याचं एक भोकही बदलू नये, एवढाच हा आकडा.

माझं दीड किलो उतरलं. त्यात ताई चीचा वाटा किती आणि रात्रीचा भात सोडल्याचा किती, कोण जाणे. परतायच्या आदल्या सकाळी मी टाच टेकवली. आजींनी बूट ढकलला. तो सरकला. त्या काहीच बोलल्या नाहीत, शेजारच्या नवख्या गृहस्थांच्या बुटाकडे वळल्या.