गावाच्या नावाची जर्सी

दिवाळी आटोपली की विदर्भातल्या गावोगावच्या भिंतींवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच तऱ्हेची पोस्टरं झळकू लागतात : ‘भव्य कबड्डी सामने’. खाली पहिल्या तीन बक्षिसांचे आकडे, प्रवेश फी, वजनगट आणि मग देणगीदारांची लांबलचक यादी. त्यात सरपंच असतात, कृषी केंद्रवाले असतात, गावातून नोकरीला बाहेर पडलेलाही कुणी असतो. सोयाबीन निघालेलं असतं, पूर्वेकडे धानाची कापणी होत आलेली असते, कापसाची वेचणी मात्र चालूच असते. भंडारा-गोंदियाकडे मंडई भरते, झाडीपट्टीची नाटकं लागतात, आणि त्याच थंडीत कुठल्या तरी गावठाणात खांबांवर हॅलोजन बांधून फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखल्या जातात.

मला या सामन्यांचं फार अप्रूप आहे. एवढ्याशा गावाचा संघ वर्षानुवर्षं टिकतो कसा, हे कोडं काही केल्या डोक्यातून जात नाही. पगार नाही. प्रशिक्षक म्हणजे बहुतेक वेळा संघातलाच जुना खेळाडू. मैदान म्हणजे शाळेमागची जागा. तरी दर हिवाळ्यात दहा-बारा पोट्टे एका रंगाची जर्सी घालून पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसतात, दुसऱ्या तालुक्यातल्या गावात जातात आणि नंबर लागेपर्यंत शाल पांघरून जागत राहतात. सामने बाद पद्धतीचे. पहिलाच सामना हरला तर रात्री दोन वाजता तसंच परत यायचं, सकाळी शेतावर जायचं. जर्सीवर खेळाडूचं नाव असो नसो, गावाचं असतंच.

या संघाचं वर्ष शेतीच्या वर्षाला बांधलेलं आहे. महाराष्ट्रात १५ जुलै हा कबड्डी दिन पाळतात. ज्यांनी हा खेळ आशियाभर नेण्यासाठी आयुष्य घातलं त्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवींचा तो जन्मदिवस. पण त्या दिवशी विदर्भातलं गावचं मैदान चिखलात असतं. पूर्वेकडे रोवणी चाललेली असते, पश्चिमेकडे डवरणी आणि निंदण. खेळाडू बांधीत वाकलेले असतात. आषाढ-श्रावणात कबड्डी तगून राहते ती शाळेत. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांच्या शासकीय शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा वर सरकतात. एखादे खटपटी पीटीचे सर असले की त्या गावाला पुढची दहा वर्षं संघ मिळतो. त्यात घरच्यांचं मन वळवणारी एक व्यवहाराची बाजूही आहे. स्पर्धेच्या पातळीप्रमाणे दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. घरात प्रमाणपत्रांची प्लास्टिकची फाइल जपून ठेवलेली असते, ती यासाठी.

पोळा झाला की पाय मैदानाकडे वळतात. ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, पाणी शिंपायचं, रोलर मिळाला तर फिरवायचा. दसऱ्यापर्यंत माती बसते आणि संध्याकाळी ‘दम’ ऐकू येऊ लागतो.

आता जरा या मातीजवळ जाऊन बघू. पुरुषांचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर. त्यातही दोन्ही कडांना एकेक मीटरची राखीव पट्टी असते, आणि कुणाचा कुणाला स्पर्श होईपर्यंत तिच्यात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे चढाई करणारा आत शिरतो तेव्हा त्याला खेळायला आठ मीटरच रुंदी असते. स्पर्श झाला की पट्ट्या खुल्या होतात आणि मैदान त्याच क्षणी दहा मीटरचं होतं! खेळ चालू असताना मैदानाचा आकार बदलतो, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या बुद्धीला मी मनापासून दाद देतो. एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत तीस सेकंदांत परत यायचं. मध्य रेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर किमान सहा जण असतील आणि चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला असताना दुसरा हवेत असेल, तर एक गुण मिळतो. त्या क्षणी तो आपल्या हद्दीपासून पावणेपाच मीटर आत असतो, एका पायावर, आणि घोट्याकडे झेपावायला दोन्ही कोपऱ्यांतले गडी टपलेले असतात. नखं वाढलेली चालत नाहीत, अंगाला तेल चालत नाही. सगळी मदार दम, नजर आणि घोट्यावर.

सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे या खेळात बाद झालेला माणूस संपत नाही. आपल्या संघानं समोरचा एक गडी टिपला की आपला एक गडी परत आत येतो. सातही बाद झाले तर समोरच्यांना लोणाचे दोन गुण जास्त मिळतात आणि सातही पुन्हा उभे राहतात. उलट मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना त्यांनी पकड केली, तर तिला दोन गुण. हरत चाललेल्या संघाची पकड जास्त मोलाची ठरते! म्हणूनच दहा गुणांनी मागे पडलेलं गाव शेवटच्या पाच मिनिटांत अंगावर येतं आणि पाटीवर बसलेली म्हातारी माणसंही उठून उभी राहतात.

आणि सामना बरोबरीत सुटला तर पाच-पाच चढाया. प्रत्येक संघानं पाच वेगवेगळ्या गड्यांची नावं आधी द्यायची, त्याच क्रमानं चढाया करायच्या. सात जणांच्या संघात खरे चढाईपटू दोन, फार तर तीन. म्हणजे ज्यानं रात्रभर कोपऱ्यात फक्त घोटे धरले, त्यालाही ‘कबड्डी’ म्हणत पलीकडे जावं लागतं. गावाची नाडी कुठे बघायची असं कुणी विचारलं, तर मी या चौथ्या आणि पाचव्या चढाईकडे बोट दाखवीन. माइकवर घोषणा होते, ‘या चढाईला अमुकतमुक यांच्याकडून शंभर रुपये’, आणि तो बावरलेला कोपरारक्षक मध्य रेषेला हात लावून निघतो.

जानेवारीत जिल्हा अजिंक्यपदाचे आणि निवड चाचण्यांचे सामने येतात. नागपुरात २०१८ पासून खासदार क्रीडा महोत्सव भरतो, त्यातही कबड्डी असते. इथे गावचा संघ पहिल्यांदा मॅटवर उतरतो. मातीवर अनवाणी वाढलेल्या पायांत बूट येतात, वळताना पाय सरकत नाही, चिकटतो. महिनाभर सराव करायला गावात मॅट असतीच तर पुष्कळ निकाल वेगळे लागले असते. मार्चमध्ये परीक्षा, मग लग्नसराई, मग पारा पंचेचाळीसकडे चढतो आणि मैदानावर उरतात ती पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं.

इतकी जुनी मुळं असलेला हा खेळ. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकानं कबड्डी आणि इतर देशी खेळ तिथे करून दाखवले होते. विदर्भाची संघटना आजही महाराष्ट्रापासून वेगळी आहे. राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचा संघ उतरतो तसा विदर्भाचाही उतरतो. म्हणजे गावापासून देशापर्यंत जायला जिना आहे. पण तो चढतं कोण, हे बघायला हवं.

जिल्ह्याचा संघ निवडला जातो तेव्हा गावातले एक-दोन जण त्यात जातात. त्यांतला एखादा विदर्भाकडून खेळतो. पुढे पोलिसांत, रेल्वेत, एखाद्या कंपनीत लागतो आणि तिथल्या संघाकडून व्यावसायिक गटात खेळतो. २०१४ नंतर प्रो कबड्डीची दारंही उघडली. त्याचं भलं होतं, आणि व्हायलाच हवं. पण पहिल्या पायरीनंतर गाव खालीच राहतं. जिना आहे तो एकेका माणसासाठी. मी नागपुरात मनीषनगरात राहतो, वर्धा रोड आणि बेसा यांच्या मधल्या या वस्तीत. जिथे शेतं होती तिथे ले-आउट पडले, प्लॉटवर फ्लॅट-स्कीमा उभ्या राहिल्या, आणि त्यांत राहायला आली ती बरीचशी वर्धा, चंद्रपूर, भंडारा, यवतमाळकडची नोकरदार माणसं. त्यांत कुणाच्या तरी गावचा डावा कोपरा आहे, कुणाचा तरी हमखास बोनस काढणारा चढाईपटू आहे. मुलींचं तर आणखी अवघड. लग्न झालं की गाव बदलतं आणि जर्सी कायमची कपाटात जाते.

हे असंच असायचं, असं मी धरून चाललो होतो. मग आयर्लंडच्या फोसा गावाबद्दल वाचलं आणि थक्क झालो.

आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल नावाचा देशी खेळ आहे. पंधरा-पंधरा जण, चेंडू हातात घेता येतो, लाथाडता येतो. चार पावलांपेक्षा जास्त तो नुसता धरून पळता येत नाही, म्हणून पळता पळता पायाच्या बोटांवर टाकून पुन्हा हातात उडवायचा. गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात मारला तर तीन गुण, वरून गेला तर एक. आता लांबून वरून मारला तर दोनही मिळतात. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात या देशी खेळांची संघटना स्थापन झाली. देश तेव्हा ब्रिटिशांच्या राज्यात होता, आणि आपले खेळ मरू द्यायचे नाहीत या ईर्ष्येनं ती उभी राहिली. आजही तिच्या सर्वोच्च सामन्यात खेळणाऱ्याला पगार नसतो. खेळाडू शिक्षक असतो, शेतकरी असतो, आणि ज्या गावात वाढला त्याच गावच्या क्लबाकडून खेळतो. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, संघात निवड झाली तरी गावचा क्लब सुटत नाही.

फोसा हे केरी काउंटीतलं, किलार्नी शहराला लागून असलेलं छोटंसं ठिकाण. तिथला डेव्हिड क्लिफर्ड जुलै २०२२ मध्ये केरीकडून अखिल आयर्लंडचा अंतिम सामना खेळला. डब्लिनचं क्रोक पार्क, ब्याऐंशी हजार माणसं मावतील एवढं मैदान. त्यानं एकट्यानं आठ गुण केले, केरी जिंकलं, आणि तो त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग तो गावी गेला आणि भाऊ पॉडी याच्यासोबत फोसाकडून खेळू लागला, क्लबांच्या सगळ्यात खालच्या, ज्युनियर दर्जात! देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू आणि शेजारच्या गावातला हौशी पोरगा त्याला अडवायला उभा, हे चित्र नुसतं डोळ्यांसमोर आणून बघा.

याहून मोठं नवल पुढे आहे. त्या खालच्या दर्जात काउंटी जिंकणारं गाव प्रांताच्या स्पर्धेत जातं, प्रांत जिंकणारं गाव देशाच्या. फोसानं केरी जिंकलं, मग मन्स्टर प्रांत जिंकला, आणि जानेवारी २०२३ मध्ये टिरोनच्या स्टुअर्ट्सटाउन हार्प्स या क्लबाशी अंतिम सामना खेळला. कुठे? त्याच क्रोक पार्कवर. धावफलक होता ०-१९ विरुद्ध १-१३. आधी गोल आणि मग गुण लिहितात, म्हणजे एकोणीस विरुद्ध सोळा. फोसा देशातलं अव्वल ज्युनियर गाव झालं. खेळाडूंसोबत आख्खं गाव तो जिना चढलं होतं.

हे आपोआप घडत नाही, त्यामागे वेळापत्रक आहे. हिवाळ्यात चिखलात सराव, वसंतात साखळी सामने, आणि काउंटीचे खेळाडू त्यातल्या बऱ्याच सामन्यांना नसतात, तेव्हा त्यांच्या जागी सतरा-अठराची पोरं घडतात. २०२२ पासून तिथल्या संघटनेनं वर्षाचे सरळ दोन भाग केले. जुलैअखेर काउंटीचे सगळे सामने संपवायचे आणि पुढचे महिने क्लबांना द्यायचे. नामवंत खेळाडू त्या काळात गावाचा असतो.

आपल्याकडे गावं आहेत, खेळ आहे, रात्रभर थंडीत उभं राहणारे प्रेक्षकही आहेत. कमी आहे ती फक्त कॅलेंडरमधल्या काही आठवड्यांची. माझं विदर्भातल्या जिल्हा संघटनांना आणि खेळाडूंना नोकरी देणाऱ्या संस्थांना कळकळीचं सांगणं आहे : दिवाळी ते संक्रांत यांतले चार आठवडे गावांसाठी राखून ठेवा. त्या काळात पोलिसांतल्या, रेल्वेतल्या पोराला आणि सासरी गेलेल्या पोरीला जन्मगावच्या जर्सीत खेळू द्या. तालुका जिंकणारं गाव गाव म्हणूनच जिल्ह्याला येऊ द्या, जिल्हा जिंकणारं विदर्भाला, आणि शेवटचा सामना नागपुरात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात ठेवा. आणि मनीषनगरातल्या माझ्या शेजाऱ्यांनो, येत्या हिवाळ्यात तुमच्या गावचं पोस्टर मोबाइलवर आलं तर नुसता अंगठा दाखवून पुढे जाऊ नका. त्या रात्री गावी जा, आणि गुडघे साथ देत असतील तर जर्सीही सोबत घ्या.