परके शब्द, ओळखीचे धातू

नांदेड व लातूर जिल्ह्यांत आयुर्वेदाचे शिक्षण घेणारे अनेक विद्यार्थी देगलूर, मुखेड, उदगीर, निलंगा अशा तालुक्यांतून, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून येतात. रचनाशारीर वा क्रियाशारीराचा इंग्रजी ग्रंथ उघडताच त्यांच्यापुढे अपरिचित शब्दांचा डोंगर उभा राहतो. मग घोकंपट्टी, आणि परीक्षा संपताच विस्मरण. परभाषेतून वैद्यक शिकण्याचा हा अनुभव मराठवाड्यास नवा नाही. निजामी राजवटीत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात आधुनिक वैद्यकही उर्दूतून शिकविले जाई. आज उर्दूची जागा इंग्रजीने घेतली आहे, इतकेच.

वास्तविक इंग्रजी वैद्यकातील बहुतांश संज्ञा मूळच्या ग्रीक व लॅटिन आहेत, आणि त्या आपल्या व्याकरणाप्रमाणेच उपसर्ग, धातू व प्रत्यय यांच्या योगाने सिद्ध होतात. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात प्रतिपादिले की संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात. त्यांचे नाते माता-कन्येचे नसून भगिनींचे आहे. आमच्या मते, ज्याने संस्कृत धातुपाठाशी थोडे सख्य केले आहे, त्याच्या हाती या डोंगराची पायवाट आधीच आहे.

उपसर्गांची ओळख

• अ, अन् : संस्कृताप्रमाणे ग्रीकमध्येही व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ येतो. ‘अ‍ॅप्निया’ म्हणजे श्वासाचा अभाव, ‘अ‍ॅन्युरिया’ म्हणजे मूत्राचा अभाव.
• दुस् : ग्रीक ‘डिस’. ‘डिस्प्निया’ म्हणजे कष्टाने होणारा श्वास.
• परि : ग्रीक ‘पेरि’. ‘पेरिकार्डियम’ म्हणजे हृदयाभोवतीचे आवरण.
• उपरि व उप : ग्रीक ‘हायपर’ व ‘हायपो’. पहिला आधिक्य दाखवितो, दुसरा न्यूनता किंवा खालचे स्थान.
• अन्तर् : लॅटिन ‘इंटर’. ‘इंटरकॉस्टल’ म्हणजे दोन फासळ्यांमधील.

अवयवांच्या नावांतही हेच नाते आढळते. अस्थि व ‘ऑस्टिऑन’, दन्त व ‘डेन्स’, नासा व ‘नासुस’, जानु व ‘गेनू’ या जोड्या एकाच कुळातील आहेत. पचनक्रियेकडे पाहावे. आपला ‘पच्’ धातू आणि ग्रीक ‘पेप्सिस’ यांचे मूळ एक. त्यामुळे ‘डिस्पेप्सिया’ची फोड केली की अक्षरशः ‘दुष्पचन’ हाती येते.

चिठ्ठीतील एक शब्द

हा केवळ भाषाविलास नव्हे. खेड्यातील वैद्य रुग्णास विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत पाठवितो, तेव्हा चिठ्ठीवरील एका शब्दालाही मोल असते. रुग्णाच्या मुखावाटे रक्त पडले, तर ते ‘हिमॉप्टिसिस’ की ‘हिमॅटेमेसिस’? दोहोंत ‘हीमा’ म्हणजे रक्त. ‘प्टिसिस’ हा आपल्या ‘ष्ठीव्’ धातूचा, तर ‘एमेसिस’ हा ‘वम्’ धातूचा सगोत्र. पहिले रक्तष्ठीवन, दुसरे रक्तवमन. पहिल्यात रक्त खोकल्यासह श्वसनमार्गातून येते आणि राजयक्ष्म्याची शंका घ्यावी लागते. दुसऱ्यात ते अन्नवह मार्गातून येते; तेथे जठरातील व्रण वा यकृताचा विकार शोधावा लागतो. नावांची गल्लत झाली तर तपासणीची दिशाच चुकू शकते. वमनकर्म जाणणाऱ्या वैद्यास तरी ही गल्लत होऊ नये.

योग आणि रूढी

तथापि सावधानता आवश्यक आहे. ‘गॅस्टर’ (जठर), ‘नेफ्रॉस’ (वृक्क) असे अनेक शब्द नव्यानेच पाठ करावे लागतात. ध्वनिसाम्यही फसविते. लॅटिन ‘पेद्’ म्हणजे पाय. परंतु ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’मधील अंश ग्रीक असून त्याचा अर्थ बालक. ‘ऑर्थोपेडिक्स’मध्येही पाय नाही, बालकच आहे.

शिवाय व्युत्पत्ती प्राचीनांची कल्पना सांगते, आजचा अर्थ नव्हे. ग्रीक ‘आर्टेरिया’ हा शब्द श्वासनलिकेसही लावीत आणि धमन्यांत वायू असतो असे काही ग्रीक वैद्य मानीत. आपल्या ‘धमनी’तही फुंकण्याचा ‘ध्मा’ धातू आहे. पंकज म्हणजे चिखलात उगवणारे सर्व काही नव्हे, हा योगरूढीचा पाठ येथेही लागू पडतो. सर्वांत महत्त्वाचे हे की, शब्द जुळला म्हणून सिद्धांत जुळत नाही. ‘डिस्पेप्सिया’ म्हणजे संपूर्ण अग्निमांद्य नव्हे, आणि पित्त म्हणजे केवळ ‘बाइल’ नव्हे.

एक सूचना

प्रथम वर्षास संस्कृत व आयुर्वेदाचा इतिहास हा विषय आहेच. त्या तासात उपसर्ग शिकविताना शेजारी ग्रीक-लॅटिन भावंड फळ्यावर लिहावे, आणि रचनाशारीराच्या तासात प्रत्येक नव्या संज्ञेची फोड विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावी. यासाठी वेगळा अभ्यासक्रम नको, वेगळे पुस्तक नको. व्यवसायात असलेल्या वैद्यबंधूंनीही रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड वाचताना हीच सवय लावावी. संस्कृत ही गतकाळाची भाषा म्हणून तिच्याकडे कंटाळून पाहणाऱ्या विद्यार्थ्यास, तीच आपल्याला इंग्रजी ग्रंथाचे दार उघडून देते हे एकदा उमगले, म्हणजे दोन्ही भाषांचे भय एकदमच ओसरेल, असा आमचा विश्वास आहे.