शेरा आणि काटा

आहुप्याचा माणूस बाळहिरडा विकायला नेतो, तेव्हा त्याची नजर काट्यावर असते. माल त्याचा, काटा दुसऱ्याचा. तेव्हा तोल डोळ्यांदेखतच व्हायला हवा. नोकरदाराच्या कामाचा तोल मात्र वर्षानुवर्षे बंद लिफाफ्यात होत आला. त्यालाच गोपनीय अहवाल म्हणत.

सीमा सडक सेवेतील अभियंता देवदत्त यांचे उदाहरण घ्या. १९९३-९४ च्या अहवालात त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीसाठी मात्र पाचही वर्षे ‘अतिशय चांगला’ लागत होता. शेरा वाईट नाही, म्हणून तो कळवला नाही. आणि त्याच शेऱ्याने बढती अडवली! सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्णय दिला : शेरा बरा असो वा वाईट, तो कळवलाच पाहिजे आणि त्याविरुद्ध दाद मागू दिली पाहिजे. २०१३ साली तीन न्यायमूर्तींनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

हा निर्णय सरकारी सेवकांचा. खासगी कारखान्यात हा हक्क आपोआप चालत येत नाही. तो करारात लिहून घ्यावा लागतो. म्हणून मी कामगारांना एवढेच सांगतो : वर्षभराचे काम स्वतः वहीत टिपा, शेऱ्याची प्रत मागा, आणि न पटल्यास मुदतीत लेखी उत्तर द्या. तोलणाऱ्यावर राग नको. पण काटा आपल्याला दिसलाच पाहिजे.